खालचं पाणी

वर आकडे लावू का, एवढंच अमीनने विचारलं.

त्याच्या हातात काच कापायची हिरकणी होती आणि प्रश्न काचेच्या मापासारखाच होता, उत्तर मिळालं की काम पुढे सरकेल असा. सुगंधाबाईला कळलं नसावं असं वाटून त्याने समजावून सांगितलं. देवाच्या तसबिरीला तो वरच्या दोन कोपऱ्यांत पितळेचे बारीक आकडे लावतो, हार अडकवायला. गेलेल्या माणसाच्या फोटोलाही लावतो. सीनरीला लावत नाही. मोर, ताजमहाल, बर्फाचे डोंगर, यांना कोण हार घालतं? आता ही बोट. "देव तर नाही," तो म्हणाला, "मग सीनरी समजू, की कोणी गेलेलं आहे?" दुकानात सरसाचा आणि रंध्याखालच्या लाकडाचा वास होता. त्याच्या पाठीमागे भिंतभर चौकटी होत्या, देव, मोर आणि माणसं, आणि माणसांच्या चौकटींवरचे आकडे तिने आजपर्यंत पाहिले नव्हते हे तिच्या लक्षात आलं. आता ते सगळे एकदम दिसायला लागले. काचेशिवाय तिचं चित्र फळीवर पडलं होतं, दवाखान्यातल्या टेबलावर निजवलेल्या माणसासारखं. करडी बोट, तिरका धूर, मागे गढूळ आभाळ. सकाळी तिच्या पिंप्राळ्याच्या खोलीमागून मालगाडी गेली, भिंत नेहमीसारखी थरथरली आणि खिळा नेहमीसारखा टिकला नाही. काच फुटली. जुन्या साहेबी चौकटीतून भुसा गळत होता. अमीनने चित्राची खालची कड अंगठ्याने चाचपली आणि म्हणाला, इथे कसर लागली आहे, दोन इंच कापावं लागेल, नाहीतर वर चढेल. आणि तिचा चेहरा पाहून लगेच म्हणाला की खाली नुसतं पाणीच आहे, पाणी आणि ते इंग्रजी नाव. बोटीला धक्का लागणार नाही. कापा, ती म्हणाली. पाण्याचं काय. ते तिने किती सहज सांगितलं. आकड्यांचं मात्र सोमवारी सांगते म्हणाली आणि सांगताना आपला आवाज वर्गात पाढे म्हणून घेतानाचा झाला आहे हे तिला ऐकू आलं.

रेल्वेची फाटकं ओलांडून पिंप्राळ्याकडे जाताना ती तो प्रश्न मनात पुन्हा पुन्हा मांडत होती, आणि दरवेळी तो थोडा वेगळा येत होता. कोणी गेलेलं आहे का. गेलेलं. तिचा नवरा कौतिक गेलाच होता. गावाहून भुसावळला गेला, तिथे लोकोशेडमध्ये खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, झाला, मग फायरमनच्या हाताखाली इंजिनात कोळसा मारायला गेला, मग लढाईच्या दुसऱ्या वर्षी धुळ्यात वाजंत्री लावून भरती चालली होती तिथे गेला आणि आरमारात स्टोकर, म्हणजे बोटीचा फायरमन, झाला. जाणं हेच त्याचं काम होतं. शाळेत नव्या आलेल्या बाई विचारायच्या, तुमचे मिस्टर कुठे असतात? ती सांगायची, बोटीवर. असतात. हे क्रियापद तिने कधी बदललं नाही आणि कोणी तिला बदलायला लावलं नाही. फक्त हळदीकुंकवाला तिची ओटी भरताना बायकांचा हात थोडा थांबायचा, खिडकीत बसलेल्या पाखराला बघून आपण थांबतो तसा, आणि मग भरून टाकायचा. सरकारची तार आली होती तेव्हा ती पारोळ्याजवळच्या गावात सासरी होती. तार शाळेच्या मास्तरांनी वाचली. बोट ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यापाशी बुडाली होती, काही माणसं सापडली होती, काही नव्हती, आणि कौतिक बेपत्ता होता. मास्तरांनी तो शब्द दोनदा वाचला. सासू धुरपदाबाईने विचारलं, बेपत्ता म्हंजे मेला का? मास्तर म्हणाले, तसं लिहिलेलं नाही. तसं लिहिलेलं नाही यावर त्या दोघीजणी इतकी वर्षं राहिल्या, एखाद्या पडवीत राहावं तशा. मग सुगंधा धुळ्याला ट्रेनिंगला गेली, शिक्षिका झाली, आणि सासू त्याच पडवीत एकटी राहिली.

खोलीत भिंतीवर चौकोन होता. बाकी भिंत धुराने पिवळी पडलेली आणि तेवढाच चौकोन पांढरा. बोट नाही आणि बोटीची जागा आहे. ती त्याच्याकडे पाठ करून चहा ठेवायला बसली, तर पाठीला कळत होतं.

त्याचा फोटो नाही. एक भुसावळच्या स्टुडिओत काढला होता म्हणे, पण तो त्याच्याच खिशात गेला. चेहरा आठवत नाही हे तिने कधी कोणाला सांगितलं नाही. लग्नानंतर ते एकत्र राहिले ते महिनाभर, आणि पुढे रजेत एक दिवाळी. ती तेव्हा पदर सावरण्यात गुंतलेली पोर होती. मोठ्या माणसांदेखत नवऱ्याकडे बघायचं नसतं, आणि मोठी माणसं कायम असायची. चेहऱ्याऐवजी तिच्याकडे त्याचा गळा होता. तो लोटा वर धरून, ओठ न लावता, धार सोडून पाणी प्यायचा, एका दमात सबंध लोटा, आणि गळ्यातली ती गाठ खालीवर व्हायची. ती चुलीपाशी बसून खालून बघायची, म्हणून गळाच दिसायचा. इंजिनापुढे काम करणाऱ्याला तहान फार, असं तो म्हणायचा. रजा संपवून जाताना ओट्यावर सगळ्यांदेखत त्याने आईला सांगितलं, बोटीचं नाव तापी शे, माय. तापीमा बशीसन समुद्रमा जाई ऱ्हायनू मी. सगळे हसले. धुरपदाबाईला खरंच वाटलं असावं की तापीच्या पुराबरोबर लाकडाचे ओंडके सुरतेकडे वाहत जातात तसा आपला मुलगा चालला आहे. तिने ओट्यावरून उतरून बोरी नदीच्या दिशेला हात जोडले. तापी लांब होती, बोरी जवळ होती, आणि बोरी शेवटी तापीलाच मिळते.

चित्र धुळ्यात सापडलं. देश स्वतंत्र झाल्याचं वर्ष. कोणी गोरा अधिकारी बंगला रिकामा करून गेला होता आणि त्याचं सामान पांझरेच्या काठच्या बाजारात मांडलं होतं, बूट घालायची शिंगं, पितळी घंटा, भुसा निघालेला वाघ. ट्रेनिंग कॉलेजच्या मुली वाघाला हात लावून बघत होत्या. तिने चित्राखालची इंग्रजी अक्षरं जोडून वाचली, कॉलेजात नुकतीच शिकलेली, एकेक करून, टी, ए, पी. पुढची अक्षरं वाचायच्या आधीच तिने भाव विचारला. लढाईतल्या बोटींची चित्रं विलायतेत कोणी चित्रकार काढायचे आणि छापून फ्रेम करून विकायचे, हे तिला नंतर कळलं. त्या क्षणी तिला वाटलं की कोणी तिच्यासाठीच हे इथे आणून ठेवलं आहे. धुळ्याच्या उन्हात, भुसा निघालेल्या वाघाशेजारी, करड्या बोटीच्या कुशीवर गोल खिडक्यांची ओळ होती. तिने मागून तिसरी निवडली. का तिसरी, माहीत नाही. इंजिनाचा फायरमन तिने भुसावळ स्टेशनावर पाहिला होता, काळा चेहरा, डोक्याला फडकं, बाजूच्या उघड्या जागेतून अर्धा बाहेर झुकलेला, गार वारा घेणारा. कौतिक तसाच झुकत असणार. बोटीचा फायरमन, म्हणून खिडकी. इंजिनाला बाजू उघडी असते, बोटीला पाणी येईल म्हणून गोल काच. इतकं सोपं. इतकी वर्षं ती खोलीचं दार उघडून आत आली की आधी तिसऱ्या खिडकीकडे बघायची, पाहुणी बाई आधी देवाकडे बघते तशी, आणि मग कंदील लावायची. कधी बोलायचीही. फार नाही. आज डाळ करपली. आज इन्स्पेक्टर आले होते. खिडकीत काळा ठिपका होता, शाईचा, त्याहून काही नाही, पण ठिपक्याने कधी मान फिरवली नाही.

संध्याकाळी भटूनाना आले. कौतिकचे मोठे भाऊ, तिचे जेठ, कापसाच्या गाडीबरोबर जळगावला आलेले. धाकट्या भावाच्या बायकोशी जेठाने थेट बोलायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत होती. गावी मध्ये एखादं पोर बसवून बोलत. इथे या खोलीत पोर नव्हतं, म्हणून भटूनानांनी पहिल्यापासून चित्राशी बोलायची सवय लावून घेतली होती. आले की दारापाशी पोत्यावर बसायचे, बोटीकडे तोंड करायचे आणि सांगायचे, बैल विकला, पाऊस नही, मायना गुडघा दुखस. ती पदर ओढून चुलीपाशी बसून ऐकायची आणि भांड्याशी उत्तर द्यायची. बोट दोघांच्या मध्ये तिसरं माणूस होती. आज ते बसले, तोंड वर केलं आणि थांबले.

"फोटू कोठे गया?" त्यांनी पांढऱ्या चौकोनाला विचारलं.

तिने पातेल्याला सांगितलं की काच फुटली, दुकानात टाकला आहे. त्यांनी पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. मग चौकोनाशीच बोलायला लागले, पण चौकोनाशी बोलणं त्यांना जड जात होतं, वाक्यं मध्येच खाली पडत होती. आईने अंथरूण धरलं होतं. खात नव्हती. तिला रोज एकच स्वप्न पडत होतं. कौतिक दारात उभा राहतो, भिजलेला, अंगावरून पाणी निथळतं आहे, आणि आत येत नाही. म्हणतो, माय, माले तीस लागनी. तहान लागली आहे. ती उठून लोटा घेऊन दारात जाते तर कोणी नसतं. भटूनाना म्हणाले, पाण्यात गेलेला माणूस पाणी का मागतो ते गुरवाला विचारलं, तो म्हणाला, त्याला कोणी पाणी दिलंच नाही. बारा वर्षं झाली की बेपत्ता माणसाचं करायचं असतं. दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा माणूस करतात, त्याला अग्नी देतात, मग पाणी पोचतं. मंगळवारी अमावास्या होती. आई म्हणत होती, माझ्याआधी त्याला पाणी द्या.

मग भटूनानांनी कधी केलं नव्हतं ते केलं. चौकोनावरून नजर काढली आणि जमिनीकडे बघत, पण तिच्याशी, म्हणाले, "कुकू तुनं शे, सुगंधा. तू नही म्हनशी ते आम्ही नही करावत. मायले मी सांगसू काही तरी."

सांगसू, ती म्हणाली. सांगेन. भांड्याशी नव्हे, पण त्यांच्याशीही नव्हे. ते उठले, भाकरी खाऊन आलो म्हणाले, आणि पायऱ्या उतरताना परत एकदा चौकोनाकडे बघून गेले.

आकडे लावू का आणि पुतळा करू का, हे एकाच दिवशी दोन माणसांनी विचारलं. दोघंही भली माणसं. कोणी तिला ढकलत नव्हतं. ढकललं असतं तर ती अडून बसली असती, अडून बसणं तिला येतं. पण हे दोघं दार तिच्याच हातात देऊन बाजूला उभे राहिले होते. तिला कुंकवाची एवढी पडलेली नव्हती. तिने आरशात बघून तपासलं, कपाळावर अंगठा ठेवून ते झाकून पाहिलं. खाली तोच चेहरा होता. शाळेतल्या मंदाबाई दोन दिवस हात धरतील आणि मग ओटी भरताना थांबायची गरज उरणार नाही, सगळ्यांनाच बरं. ते नव्हे. गेला म्हटलं की कोण गेला? गळ्यातली एक गाठ गेली आणि एक शाईचा ठिपका गेला. आख्खा माणूस तिच्याकडे आलाच नव्हता. जो आला नाही त्याला जा कसं म्हणायचं. आणि ठिपका गेला तर संध्याकाळी दार उघडून आधी कुठे बघायचं? हे कोणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. हे फार लहान होतं.

रविवारी ती पारोळ्याला निघाली. सासूला बघायचं आणि काय ते तोंडाने सांगायचं, असं ठरवून. एसटी धुळ्याची होती. कंडक्टर चाळिशीकडे आलेला, रुंद मनगटाचा, आणि तिकीट फाडताना मनगटावर निळं गोंदण दिसलं, नांगर, शेतातला नव्हे, बोटीचा. तिने तो चित्रातल्या बोटीच्या नाकाशी टांगलेला पाहिला होता म्हणून ओळखला. तिला त्या मनगटाला हात लावावासा वाटला. तिने पारोळ्याचं तिकीट घेतलं. एरंडोल गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचून झालेल्या कपाशीची काळी झाडं, मध्येच एखादं बोंड राहिलेलं. पारोळ्याच्या किल्ल्याचा तट दिसायला लागला. गाडी थांबली. सुगंधाबाई पिशवी घेऊन उतरली, बैलगाडीची वाट बघत उभी राहिली, घरी पोचली, सासूच्या उशाशी बसून म्हणाली, करा.

नाही. असं झालं नाही. गाडी थांबली आणि ती बसून राहिली. लोक उतरले, कोंबड्यांची डाल उतरली, घंटी वाजली. आपल्या मांडीवर पिशवी आहे आणि पिशवीवर आपले हात आहेत एवढंच तिला दिसत होतं. पुढे कंडक्टर तिच्यापाशी आला तेव्हा तिने धुळ्यापर्यंतचं तिकीट वाढवून घेतलं. धुळ्यात तिचं काही काम नव्हतं. ती पांझरेच्या काठी गेली, जिथे वाघ मांडला होता तिथे आता माठवाले बसले होते. नदीत पाणी थोडं, आणि त्यात एक बाई घोंगडं आपटत होती. सुगंधाबाई दगडावर बसली आणि तिने पाण्याकडे बघून काहीतरी मोठं वाटून घ्यायचा प्रयत्न केला. काही वाटलं नाही. तिने समुद्र कधी पाहिला नव्हता. समुद्र म्हणून तिला ठाऊक होता तो चित्राच्या खालच्या भागातला, हिरवट, दोन-चार पांढरे फटकारे मारलेला. काल तोच कापा म्हणून ती सांगून आली होती.

परतीलाही तीच गाडी, तोच कंडक्टर. गाडी अर्धी रिकामी. त्याने तिला ओळखलं आणि हसला. "अक्का, तुम्हाला पारोळ्याला उतरायचं होतं ना?" झोप लागली, ती म्हणाली. तो म्हणाला, माझ्या गाडीत लोकांना झोप चांगली लागते, ड्रायव्हरलासुद्धा. मग समोरच्या बाकावर आडवा बसून हिशेबाची पेटी मांडीवर घेऊन बिडी शोधायला लागला, तेव्हा ते मनगट पुन्हा पुढे आलं. तिने विचारलं. हो, तो आरमारात होता. रुपचंद नाव, अमळनेरकडचा. वेगळ्या बोटीवर होता, लढाई संपली आणि घरी आला. तापी नावाची बोट त्याने ऐकली होती, पाहिली नव्हती. कौतिक नावाचं कोणी त्याला माहीत नव्हतं. तिने विचारलं, तुम्ही कोणतं काम करायचात? स्टोकर, तो म्हणाला. बॉयलरचं काम.

तिला वाटलं आपण आता थांबावं. मग तिने विचारलं की स्टोकरला खिडकी कुठली असते, पुढची की मागची.

तो तिच्याकडे बघत राहिला, चेष्टा करते आहे की काय ते पाहायला. मग सरळपणे, आपल्या घराची रचना सांगावी तसं सांगितलं. "खिडकी कसली, अक्का. त्या खिडक्या वरच्यांच्या. बॉयलर अगदी तळाशी, शिडीवरून उतरत जायचं, उतरतच जायचं. पाण्याच्या खाली असतो आम्ही. पत्र्याच्या पलीकडे समुद्र. नुसता ऐकायचा." बिडी सापडली होती पण त्याने ती पेटवली नाही. पुढचं तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला. समुद्रावर इतकी वर्षं काढली, पण पाहिला कमीच. आणि तहान. वर्षभर पाण्याच्या आत राहायचं आणि सारखी तहान, घाम इतका की मिठाच्या गोळ्या खायला द्यायचे. प्यायलं की लगेच पुन्हा तहान. "अजून मला झोपेत तहान लागते," तो म्हणाला. "बायको उशाशी तांब्या ठेवते."

पारोळ्याचा तट पुन्हा आला, आता दुसऱ्या बाजूने. गाडी थांबली. उतरा अक्का, या वेळेला मी उठवलं, रुपचंद म्हणाला. ती उभी राहिली, आणि पायरीपर्यंत गेली, आणि तिथे तिला ते दिसलं. फळीवर निजवलेलं चित्र, अमीनचा अंगठा खालच्या कडेवर. नुसतं पाणीच आहे. तिसऱ्या खिडकीत कोणी नव्हतं. कधीच नव्हतं. डाळ करपली हे तिने इतकी वर्षं एका शाईच्या ठिपक्याला सांगितलं होतं, आणि कौतिक खाली होता, चित्रकाराने वरून हिरवट रंग फिरवला होता त्याच्या मागे, त्या दोन इंचांत, जिथे तिने कधी बघितलंच नव्हतं. आणि धुरपदाबाईला हे कसं माहीत होतं? जिने तापीसुद्धा पाहिली नव्हती तिच्या दारात तो येऊन तहान लागली म्हणाला, आणि जिच्याकडे चित्र होतं, चौकट होती, इंग्रजी अक्षरं होती, तिला तो एक शब्द बोलला नाही. तिला सासूचा हेवा वाटला. लहान मुलीसारखा. ती पायरीवरून परत फिरली आणि म्हणाली, जळगाव द्या. रुपचंदने तिकीट फाडलं.

जळगावात पोचली तेव्हा अमीनच्या दुकानाला फळ्या लागल्या होत्या. कुलपाला हात लावून ती उभी राहिली. शेजारचा पानवाला म्हणाला, सकाळी या.

सकाळी ती शाळेच्या आधी गेली. चित्र नव्या चौकटीत बसलं होतं. काळी पॉलिशची पट्टी, स्वच्छ काच, इतकी स्वच्छ की तिला त्यात आधी स्वतःचं कुंकू दिसलं आणि मागाहून बोट. अमीन खूश होता. बघा, तो म्हणाला, उलट भरून दिसते आता. खरंच होतं. पाणी गेल्यावर बोट मोठी झाली होती, चौकटीच्या खालच्या पट्टीवर ठेवल्यासारखी बसली होती, कपाटावरच्या पितळी हत्तीसारखी. नाव गेलं होतं. ती आता कुठलीही बोट होती, लढाईतली एक जुनी, चांगली काढलेली बोट. वरच्या कोपऱ्यांत अमीनने दोन भोकं पाडून ठेवली होती आणि आकडे कागदाच्या पुडीत बाजूला ठेवले होते. तुम्ही सांगाल तसं, तो म्हणाला. नको असतील तर मेण भरून देतो, कळणारही नाही.

तिने विचारलं, कापलेलं कुठे आहे?

त्याला समजलं नाही. मग समजलं आणि तो वाकून फळीखालच्या भुशात, लाकडाच्या कपच्यांत आणि काचेच्या तुकड्यांत शोधायला लागला. हात कापेल म्हणून तिला वाकू देईना. तिला वाटलं नसेल, झाडून नेलं असेल, आणि त्या एवढ्या वेळात ती खरी विधवा झाली, दाणाबाजारच्या बोळात उभ्या उभ्या, कोणाच्या लक्षात न येता. रस्त्यावर कोणीतरी केळीच्या घडांचा भाव करत होतं. मग अमीनने पट्टी काढली. लांब, अरुंद, कसरीने कुरतडलेली. हिरवट पाणी, दोन पांढरे फटकारे, आणि खाली नाव. त्याने ती पायजम्याला पुसली, फुंकर मारली आणि दोन्ही हातांनी तिच्या हातात दिली. चुकलो का मी, बाई, असं त्याने हळूच विचारलं. ती म्हणाली, नाही. नीट कापलंत.

"आणि आकडे?"

"नकोत. ही सीनरी आहे."

त्याने मेण भरलं. तिने बोट घरी नेऊन पांढऱ्या चौकोनावर लावली. चौकोन थोडा उरला, खालच्या बाजूला, दोन इंच. तो तसाच राहील. मग तिने शाळेत रजा सांगितली आणि दुपारच्या गाडीने पारोळ्याला गेली, या वेळेला कंडक्टर दुसरा होता, आणि ती उतरली. पट्टी तिने गुंडाळली नव्हती, दुमडली नव्हती. पोलक्याच्या आत, छातीशी आडवी धरून आणली होती.

धुरपदाबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. अंगणात भटूनाना दर्भाची जुडी सोडून बसले होते आणि सुगंधा दारातून आत येताना त्यांनी मान वर केली नाही, पण त्यांचे हात थांबले. ती सासूच्या उशाशी बसली. म्हातारीच्या डोळ्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. कोन शे, तिने विचारलं. मी, सुगंधा. सुगंधाने पट्टी काढून तिच्या हातात दिली. म्हातारीची बोटं कागदाच्या कडेवरून फिरली, कुरतडलेल्या जागांवर थांबत, एखाद्याच्या अंगावरचे व्रण ओळखावेत तशी. मग विचारलं, हाई काय शे? सुगंधाने सांगितलं की ही त्याची जागा आहे. बोटीच्या तळाशी असायचा तो, पाण्याखाली, आणि तिथे फार तहान लागते. उद्या दर्भाच्या माणसात, छातीच्या जागी, हे ठेवायचं. दुसरं काही आपल्याकडे नाही.

अंगणात दर्भ पुन्हा वाजायला लागला.

"यामा शे मना कौतिक?"

"हां, माय. यामाच."

म्हातारीने पट्टी गालाला लावली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "हाई ते सुकं शे," ती म्हणाली. तिने हात लांब करून उशाशी चाचपलं, तांब्या तिथेच होता, रोज रात्री ती तो घेऊन दारात जायची. तिने त्यात बोटं बुडवली आणि कागदावर ठेवली. थेंब थोडा वेळ तसाच राहिला, गोल, हिरवट रंगावर. मग कसरीने कुरतडलेल्या कडेपाशी सरकला आणि कागदाने तो पिऊन घेतला. म्हातारीने बोटाने चाचपून पाहिलं. पुन्हा बोटं बुडवली. सुगंधाने तांब्या तिच्या जवळ सरकवला, आणि मग पुन्हा थोडा, कारण कागद पीतच होता.